बाजारपेठेतला रस्ता खोदायच्या आधी दुकानदारांनी करायची कामं

तालुक्याच्या गावात मेन रोडला आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढाऱ्यांची नातवंडं वह्या माझ्याकडूनच नेतात. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमचा रस्ता काँक्रीटचा करायला घेतला. मेअखेर मोकळा होईल म्हणाले. आमचा वर्षाचा धंदा म्हणजे शाळा उघडायच्या आगेमागचे पंधरा-वीस दिवस, आणि नेमके तेव्हा दुकानासमोर चर होता आणि त्यावर एक फळी. जुलैत रस्ता झाला. छान गुळगुळीत झाला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी सरळ आत आलं आणि खालच्या कप्प्यातल्या दोनशे पानी वह्या पावासारख्या फुगल्या. रस्ता आमच्या उंबऱ्याच्या वर गेला होता.

आता शेजारच्या गावांतले दुकानदार फोन करतात, "वहिनी, आमच्याकडेपण काम मंजूर झालंय, काय करू?" प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून एकदा लिहून टाकते.

पहिलं काम मोजणीचं. ओळखीच्या गवंड्याला बोलवा. लेव्हल बघायची पाण्याची नळी त्याच्याकडे असतेच. उंबऱ्यापासून रस्त्याचा मध्य किती इंच खाली आहे ते प्रत्येक दुकानाचं वहीत लिहा. मग दुकानाच्या किंवा जवळच्या पक्क्या खांबावर तैलरंगाने आजच्या रस्त्याची रेघ मारा आणि तारखेसह फोटो काढा. आमच्या दुकानांच्या रांगेची मोजणी सकाळी दोन तासांत झाली असती, पण आम्ही ती केली नाही. नंतर 'रस्ता आधीपासून एवढाच उंच होता' असं साहेब म्हणाले, तेव्हा दाखवायला आमच्याकडे फक्त फुगलेल्या वह्या होत्या.

आता हिशोब करा. काँक्रीटचा थर साधारण 20 सेंटिमीटर, त्याखालचा बेड साधारण 10 सेंटिमीटर. म्हणजे जुना रस्ता न उकरता वरच काम केलं तर जवळजवळ एक फूट वाढला. तुमचा उंबरा आज रस्त्यापेक्षा सहा इंच वर असेल तर उद्या सहा इंच खाली. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, की उकरणार किती? त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका. ते अंदाजपत्रकात असतं, आणि निविदेच्या कागदांत ज्याला सगळे शेड्यूल बी म्हणतात, म्हणजे कामांची आणि मापांची यादी, त्यात असतं. निविदा महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर निघाली असेल तर गावातला कुठलाही सायबर कॅफेवाला कागद काढून देईल. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि अर्ज स्वतःच्या नावाने. व्यापारी संघाच्या लेटरहेडवर टाकाल तर 'नागरिकाने अर्ज करावा' म्हणून परत येऊ शकतो. उत्तराला 30 दिवसांपर्यंत लागतात, म्हणून खोदाईची वाट बघू नका. शिवाय या कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे. तो अर्ज दिसला की बांधकाम विभागात खुर्च्या जरा सरळ होतात.

कागदात आणखी तीन गोष्टी बघा: गटार कुठल्या बाजूला उतरतं, नळाच्या आणि केबलच्या लाइनी काँक्रीटच्या आधी टाकणार का, आणि दोषदायित्व कालावधी किती, म्हणजे काम झाल्यावर किती दिवस दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचे. लाइनी राहिल्या तर नवा रस्ता वर्षाच्या आत कटरने कापतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आमच्याच चौकात, रविवारच्या बाजारादिवशी.

आता राजकारण. आमच्या वेळी पालिकेवर प्रशासक होता. माजी नगरसेवकांकडे गेलं की 'आमच्या हातात काही नाही', आणि भूमिपूजनाच्या फोटोत मात्र सगळे हजर. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, आता नगरसेवक आहेत आणि थेट निवडून आलेला नगराध्यक्षही. तरी एक गोष्ट दुकानदारांच्या लक्षात येत नाही. दुकान बाजारपेठेत, घर कॉलनीत, म्हणजे मतही कॉलनीत! बाजारपेठेच्या प्रभागातल्या नगरसेवकाला तुमचा चहा लागतो, मत लागत नाही. त्यात मेन रोड बऱ्याचदा दोन प्रभागांची हद्द असतो, डावी बाजू याची, उजवी त्याची, आणि खड्डा कोणाचाच नाही. म्हणून निवेदनावर नुसत्या दुकानदारांच्या सह्या घेऊ नका. माडीवर राहणारी कुटुंबं, मागच्या बोळातली घरं, हमाल, कामावरची मुलं, जे तिथे मतदान करतात त्यांच्या घ्या. आमच्या दुसऱ्या निवेदनावर बोळातल्या बायकांच्या सह्या जास्त होत्या, कारण पाणी त्यांच्याही घरात शिरत होतं. ते निवेदन वाचलं गेलं. हातगाडीवाल्यांनाही बरोबर घ्या. 'गाड्या हटवा' हे आपल्या लोकांचं आवडतं वाक्य आहे, मला माहीत आहे. पण काम चालू असताना आमच्या भाजीवाल्या दुसऱ्या रस्त्याला बसल्या, आणि आमचं गिऱ्हाईक त्यांच्या मागे गेलं.

निवेदन मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत नगराध्यक्षांना आणि दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना. आवक-जावकच्या टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात दिलेला कागद साहेबांच्या टेबलावर राहतो. पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा.

मागायचं काय, तेही नेमकं. 'व्यापाऱ्यांचे हाल थांबवा' लिहिलं की वाचणारा मान डोलावतो आणि फाइल बंद करतो. आज लिहायला बसले तर मी असं लिहीन: 'जुना थर उकरून नवा रस्ता सध्याच्या पातळीवरच ठेवावा. काम एका वेळी शंभर मीटर, अर्ध्या रुंदीत करावं. आमची दिवाळी, लगनसराई आणि जूनचा पहिला पंधरवडा वगळावा. प्रत्येक दुकानासमोर कठड्याची फळी द्यावी.' शेवटची मागणी लोकांना किरकोळ वाटते. गुडघे दुखणारी बाई नुसत्या फळीवरून येत नाही, ती पलीकडच्या रस्त्याला जाते आणि पुढेही तिकडेच जाते.

वेळ साधणं कठीण आहे. 1999 ला जकात गेली तेव्हापासून छोट्या पालिकेकडे स्वतःचा पैसा थोडा, मोठे रस्ते बहुतेक राज्याच्या नगरोत्थानसारख्या निधीतून होतात. मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई असते, त्यामुळे कार्यारंभ आदेश फेब्रुवारी-मार्चात निघाला की खोदाई उन्हाळ्यात आणि शेवट पावसात. तुमचा कागद आदेशाच्या आधी पोचला पाहिजे. आदेश निघाल्यावर ठेकेदार म्हणतो, 'एस्टिमेटात नाही', आणि तो खोटं बोलत नसतो.

काम सुरू झालं की रोज एक फोटो. काँक्रीटवर बांध घालून पाणी साठवतात, ते दिवस आपणही पाळायचे. आमच्या रस्त्यावर आजही स्कूटरच्या चाकाचा लांब ठसा आहे. तो ठेकेदाराचा नाही, आमच्याच व्यापारी संघातल्या एका ज्येष्ठांचा. त्यांना बँकेत जायची घाई होती.

रस्ता झाल्यावर पहिल्या पावसात छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठे थांबतं त्याचा व्हिडिओ काढा. तक्रार अंतिम बिल निघायच्या आत, लेखी, पुन्हा पोच घेऊन. बिल निघालं असेल तरी दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत पालिकेकडे असते, त्याचाच संदर्भ द्या. आम्ही बिलानंतर गेलो. पातळी काही बदलली नाही, पण दुकानासमोर जाळीचं आडवं गटार करून मिळालं. जाळीत दर आठवड्याला पेन्सिलींची सालं आणि गुटख्याच्या पुड्या अडकतात. सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी ती काठीने साफ करते, आणि वह्यांचा खालचा कप्पा आता जमिनीपासून दीड फूट वर आहे.