ओमेप्राझोलची कॅप्सूल कशी घ्यावी

पित्तासाठी डॉक्टरांनी ओमेप्राझोल लिहून दिलं की घरात तिची ‘गॅसची गोळी’ होते आणि जेवण झाल्यावर, जळजळ सुरू झाली की ती घेतली जाते. मग गुण येत नाही म्हणून औषधालाच दोष दिला जातो.

आधी स्ट्रिपवरचं नाव नीट वाचा. ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट’ किंवा ‘डिलेड रिलीज’ असं लिहिलं असेल, तर ते औषध जठर ओलांडून लहान आतड्यात गेल्यावरच मोकळं होतं. ओमेप्राझोल आम्लात टिकत नाही, म्हणून कॅप्सूलमधल्या बारीक दाण्यांवर लेप असतो. रिकाम्या जठरातला पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 1 ते 3 असतो, तेव्हा लेप शाबूत राहतो. पुढे आतड्यात पीएच 5.5 च्या वर गेला की तो विरघळतो. औषध रक्तात उतरतं आणि रक्तावाटे पुन्हा जठराच्याच आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं. एवढा वळसा त्या लेपाच्या जोरावर पार पडतो.

म्हणून कॅप्सूल चावू नका, दाणे कुटू नका. सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळा. वेळेला खरंच महत्त्व आहे: खाणं सुरू झालं की त्या पेशींमधले आम्ल बाहेर सोडणारे ‘पंप’ जागे होतात आणि हे औषध चालू पंपांनाच बंद पाडतं. रक्तात ते फार वेळ राहत नाही, पण पंपाला कायमचं चिकटतं, त्यामुळे बहुतेकांना दिवसातून एकदा पुरतं. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. पहिल्याच दिवशी निराश होऊ नका.

आजी-आजोबांना कॅप्सूल गिळवत नसेल तर फार्मासिस्टला विचारून ती उघडता येते. दाणे चमचाभर गार सफरचंदाच्या गरात मिसळा, लगेच न चावता गिळायला सांगा, वर पाणी द्या. दूध किंवा गरम पदार्थ नको. दुधात आम्लता कमी, त्यामुळे लेप आधीच सुटू लागतो.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेत राहिल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शौचाला काळं होणं, घास अडकणं किंवा वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.