बाळाचे डायपर आणि कपडे घेताना

बाळ जन्मायच्या आधी डायपरचे मोठे पॅक भरून ठेवू नका. नवजात बाळाला दिवसाला 8 ते 12 डायपर लागतात हे खरं, पण त्याचं वजनही भराभर वाढतं आणि उरलेला साठा पडून राहतो. सगळ्यात लहान मापाचं एकच पॅक पुरे. माप वयावरून नाही, पॅकवर छापलेल्या वजनावरून निवडा.

डायपर गळतो तो बहुतेक वेळा बांधण्यातल्या चुकीने. मांड्यांभोवतीची झालर आत दुमडलेली राहिली की कडेने ओल बाहेर येते, म्हणून पट्ट्या चिकटवल्यावर बोट फिरवून ती बाहेर काढा. कमरेशी दोन बोटं सहज जातील इतकंच घट्ट बांधा. मुलगा असेल तर शिश्न खालच्या बाजूला करा, नाहीतर लघवी थेट पोटावर येते. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, डायपरची वरची कड नाळेच्या खाली दुमडा. तिथे हवा लागली पाहिजे. एवढं करूनही गळत असेल आणि मांडीवर लाल वळ दिसत असतील, तर पुढचं माप घ्या.

झबली सुती आणि पुढून उघडणारी बरी, म्हणजे डोक्यावरून ओढावी लागत नाहीत. गळ्याशी नाडी असलेली घेऊच नका, गळा आवळला जाण्याचा धोका असतो. नवे कपडे आधी धुवा. कापडी लंगोट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याचा थर बसला की कापड ओल शोषत नाही.

उशी मात्र यादीतून काढूनच टाका. तान्ह्या बाळाला ती लागत नाही, आणि झोपेत तोंड-नाक दाबलं जाऊ शकतं.