लिख्टेनश्टाइनचा व्हिसा कोठे मागावा?

ज्या देशाचा दूतावास भारतात नाही, त्याचा व्हिसा मागण्यापूर्वी त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, आपल्यासाठी अर्ज कोण स्वीकारते, हे पाहावे. लिख्टेनश्टाइनचेच घ्या. हा देश २०११ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच्या वतीने व्हिसाचे काम स्वित्झर्लंड पाहते; त्यामुळे मुक्काम त्याच्या राजधानीत, वाडूझला, असला, तरी अर्ज स्विस व्यवस्थेकडेच करावा लागतो. मात्र अर्जातील मुख्य गंतव्य देशाच्या रकान्यात लिख्टेनश्टाइनच लिहावे. सोयीसाठी तेथे स्वित्झर्लंड लिहिण्याचा मोह आवर्जून टाळावा, कारण हॉटेलचे आरक्षण आणि अर्ज यांत विसंगती दिसली, तर प्रवासाच्या हेतूविषयीच शंका उपस्थित होऊ शकते. त्या देशात विमानतळ नाही. म्हणून झुरिकला उतरून पुढे रेल्वेने व बसने कसे जाणार, हे प्रवास-आराखड्यात स्पष्ट मांडावे. प्रवासातील वैद्यकीय खर्चाचा विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात लागू होणारा हवा. अर्ज प्रवासापूर्वी ६ महिन्यांपासून करता येतो. प्रवासापूर्वी १५ दिवस ही अंतिम मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये, कारण उन्हाळी सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळ मिळणेच कठीण होते.