जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग जोडताय? या चुका टाळा

नागपुरात माझ्या कोडिंगच्या क्लासला नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात काय दिसणार ते मला आधीच माहीत असतं: सहाशे आणि ऐंशी मिळून साठ हजार ऐंशी.

"६००" + "८०" म्हणजे "६००८०". इनपुट बॉक्सची व्हॅल्यू स्ट्रिंग म्हणूनच येते, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर; टाइप 'नंबर' ठेवला तरी. आणि अधिकच्या (+) एका जरी बाजूला स्ट्रिंग असली, तर बेरीज होत नाही, जोडणी होते.

एका पोरानं कळमना बाजारातल्या संत्रा व्यापाऱ्यासाठी बिलाचं पान केलं. कॅरेटचा भाव, हमाली, सूट. सूट बरोबर वजा व्हायची, म्हणून "सर, आकडे तर बरोबर येऊन राहिले" म्हणून माझ्याशीच वाद. वजाबाकी करताना जावास्क्रिप्ट स्ट्रिंगचे आकडे गुपचूप करून घेतं. अधिक तसं करत नाही. मग पठ्ठ्यानं कुठून तरी उपाय आणला: वजा वजा! "६००" - -"८०" केलं की ६८० येतात. मी म्हटलं, असले जुगाड नको. ऐकतो कोण.

पुढं गाडीभाडं आलं. पानावर स्वल्पविरामासह दाखवलेलं "१,२००" यानं पानावरूनच परत वाचलं. उत्तर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. घाईघाईत पार्सइंट लावलं, म्हणजे स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणारं फंक्शन. पार्सइंट स्वल्पविरामापाशी थांबतं, त्यामुळे भाडं झालं १ रुपया. एरर नाही, बिल देखणं. व्यापाऱ्यानंच पकडलं, हे बरं झालं.

माझी सवय अशी: व्हॅल्यू ट्रिम करून (कडेच्या मोकळ्या जागा काढून) आधी रिकामी आहे का पाहतो, कारण स्ट्रिंगचा आकडा करणारं नंबर() रिकाम्या स्ट्रिंगचं मुकाट्यानं शून्य करतं. मग त्याच ओळीत नंबर(), लगेच नॅनची तपासणी. स्वल्पविराम, रुपयाचं चिन्ह वगैरे दाखवायच्या क्षणी. दाखवलेलं परत वाचायचं नाही. खरा आकडा व्हेरिएबलमध्येच राहतो.

१ + २ + "किलो" म्हणजे "३किलो", पण "किलो" + १ + २ म्हणजे "किलो१२". बेरजेभोवती कंस टाका. त्याला पैसे पडत नाहीत.

बॅकटिकवाले (`) टेम्प्लेट लिटरल, ज्यात मजकुराच्या मधेच व्हेरिएबल बसवता येतं, २०१५ पासून भाषेत आहेत, तरी अवतरणं आणि अधिकांची माळ ओवणारे आहेतच. वापरा, पण व्हेरिएबल भरलेलं नसेल तर ग्राहकाच्या नावाच्या जागी 'अनडिफाइन्ड' छापलं जाईल, हे ध्यानात ठेवा.

यादीत स्वल्पविराम हवेत तर ॲरेवर जॉइन() वापरा, ते फक्त मधे मधेच स्वल्पविराम घालतं. शेवटचा स्वल्पविराम कापत बसायला लागत नाही.

इनरएचटीएमएलला (एलिमेंटच्या आतलं एचटीएमएल) अधिक-बरोबर (+=) लावून ओळी वाढवणं मला बिलकुल खपत नाही. दरवेळी आतलं सगळं नव्यानं बनतं. आतल्या बटणांवर बसवलेले लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) जातात, बॉक्समध्ये टाइप केलेलं पुसलं जातं. वर वापरणाऱ्याचा मजकूर तसाच जोडला, तर त्यातून कुणीही स्वतःचा कोड घुसवेल. नवा एलिमेंट बनवा, मजकूर त्याच्या टेक्स्टकंटेंटमध्ये भरा. चार ओळी जास्त लागतात, लागू द्या.

डेटाबेसला पाठवायची एसक्यूएल क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवायची नाही. प्लेसहोल्डर ठेवा, म्हणजे व्हॅल्यूसाठी राखलेली जागा. यावर चर्चा नाही.

आणि हो, इथं आकडे मी मराठीत लिहिलेत. कोडमध्ये इंग्रजीच टाका. नंबर() ला '६००' कळत नाही, नॅन देतं. आकडा त्या त्या भाषेच्या पद्धतीनं दाखवणाऱ्या टूलोकेलस्ट्रिंगला मराठी-भारत लोकेल (mr-IN) दिलं की आकडे देवनागरीत छापून येतात. पण बॉक्समध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून तसेच भरले तर आधी बदलून घ्यावे लागतात.