झुकिनी मोजताना: कप, वजन आणि पिळून काढलेलं पाणी

पाककृतीत ‘दोन कप किसलेली झुकिनी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या दोन कपांत २२० ग्रॅमही भरू शकतात आणि ३३० ग्रॅमही. कीस हलक्या हाताने सोडला की बोटांनी दाबून बसवला, एवढ्यावरच हा फरक पडतो. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, त्यामुळे जादा ११० ग्रॅमबरोबर पिठात शंभरेक मिलि पाणी जास्तीचं जातं. सूपमध्ये ते सहज खपतं. केक किंवा ब्रेडमध्ये मात्र कडा भाजून होतात आणि मधला भाग ओला, चिकट राहतो. म्हणून भाजायच्या पदार्थांसाठी झुकिनी वजनानेच घ्यावी. परतायला, वाफवायला किंवा सूपला कप पुरतो.

कपात किती मावेल हे कापण्यावर ठरतं. २४० मिलिच्या कपात साधारण असं भरतं:

- सेंटिमीटरभराच्या फोडी: १२५ ग्रॅम
- गोल चकत्या: ११५ ग्रॅम
- जाड कीस, सैल सोडलेला: ११० ते १२० ग्रॅम
- जाड कीस, हलका दाबून: १४० ते १५० ग्रॅम
- जाड कीस, घट्ट दाबून: १६५ ते १७० ग्रॅम

फोडींच्या कपात जवळपास निम्मी जागा हवेचीच असते. चकत्या आडव्यातिडव्या पडतात, त्यामुळे त्यांच्यात पोकळी आणखी थोडी जास्त. बारीक भोकांच्या किसणीने किसलं तर लगदा होऊन तो खाली बसतो, आणि तोच कप जड भरतो. पाककृतीत काहीच खुलासा नसेल तर किसाच्या कपाला १४० ग्रॅम धरावेत. लांब, पिळदार पट्ट्या काढल्या असतील तर कपाचा विचारच सोडून द्या. त्या कपात कशाही बसतात. कपाचा स्वतःचा आकारही देशागणिक बदलतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलिचा आणि जपानमधला २०० मिलिचा. पहिल्या दोघांमधला फरक दाबण्यातल्या फरकापुढे किरकोळ आहे, पण जपानी पाककृती असेल तर हिशेब जरूर बदलावा.

बाजारात नगावर घ्यायची असेल तर छोटी झुकिनी सुमारे १२० ग्रॅमची, मध्यम २०० ग्रॅमची आणि मोठी ३२० ग्रॅमच्या आसपास असते. देठ आणि खालचं टोक काढल्यावर साधारण ५ टक्के वजन जातं, म्हणजे मध्यम झुकिनीतून १९० ग्रॅम हाती येतात. साल कोवळी असते, ती काढायची गरज नाही. झुकिनी फार वाढलेली असेल तर मधला बियांचा स्पंजासारखा भाग चमच्याने खरवडून टाका आणि त्यानंतरच वजन करा, नाहीतर टाकायचा भागही मापात धरला जाईल. टोकं कापतानाच एक छोटा तुकडा चाखून बघा. कडूजहर लागला तर ती झुकिनी टाकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्याचा असतो, तो शिजवूनही जात नाही आणि त्याने पोट बिघडतं.

वजन करताना काट्यावर रिकामा वाडगा ठेवून आकडा शून्य करा, मगच कीस टाका. किसल्यावर लगेच वजन करावं. दहा मिनिटं गेली की तळाशी पाणी सुटायला लागतं आणि कीस उचलताना ते मागे राहतं. पाककृतीत पिळायला सांगितलं नसेल तर हे पाणीही मापाचाच भाग आहे, ते पिठात गेलंच पाहिजे.

खरा घोळ पिळण्यापाशी होतो. ‘एक कप कीस घेऊन पिळा’ आणि ‘पिळलेला कीस एक कप’ ही दोन वेगळी मापं आहेत. पिळल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटतं, शिवाय राहिलेला कीस कपात दाटून बसतो. त्यामुळे एक कप पिळलेला कीस हवा असेल तर कच्ची झुकिनी २५० ते ३०० ग्रॅम घ्यावी लागते. किती पिळायचं याचा अंदाज हातावर सोडू नका, काट्यावर बघा. समजा ३०० ग्रॅम कीस घेतला. तो पातळ सुती कपड्यात बांधून पिळला आणि १८० ग्रॅम उरला, तर १२० मिलि, म्हणजे अर्धा कप पाणी निघालं. पुढच्या वेळी याच आकड्यापर्यंत पिळलं की पदार्थ तसाच होतो. तव्यावर भाजायच्या पॅटींसाठी ५०० ग्रॅम किसाला ५ ग्रॅम मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवावं. पाणी भराभर सुटतं. थोडं मीठ किसातच राहतं, तेव्हा पुढे घालायचं मीठ कमी करा. गोड केकसाठी मीठ लावू नये. पण तिथेही साखर पाणी ओढते, म्हणून झुकिनी घातलेलं मिश्रण तसंच ठेवून न देता लगेच ओव्हनमध्ये जावं.

काटा नसेल तर मोजपात्र कामाला येतं. त्यात ५०० मिलि पाणी घ्या आणि धुतलेल्या झुकिनीचे मोठे तुकडे सोडा. ते तरंगत असतील तर दाबू नका. पाण्याची पातळी जितके मिलि वर चढेल तितके ग्रॅम वजन. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते, त्यामुळे वेगळा गुणाकार लागत नाही. तुकडे तळाला टेकता कामा नयेत आणि एकमेकांत अडकून कडांना घट्टही बसता कामा नयेत. मोजपात्रावरच्या खुणा ५० मिलिच्या असतील तर २० ते २५ ग्रॅमची चूक गृहीत धरा. मोजून झाल्यावर तुकडे पुसूनच किसा.

शिजलेल्या झुकिनीचं माप वेगळंच. कच्च्या चकत्यांचा ११५ ग्रॅमचा कप शिजल्यावर मऊ पडून बसतो, आणि शिजलेल्या चकत्यांचा भरलेला कप १८० ग्रॅमच्या आसपास जातो. कुस्करलेली असेल तर २४० ग्रॅम, कारण तेव्हा हवा उरतच नाही. चार जणांसाठी परतायची तर कच्ची ६०० ते ७०० ग्रॅम घ्या; कढईत ती डोंगराएवढी दिसली तरी पाच-सात मिनिटांत आटते.

कीस फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर गोठवण्याआधी वजन करून पिशवीवर ग्रॅम लिहून ठेवा. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, म्हणून वितळल्यावर बरंच पाणी सुटतं आणि तेव्हा कपाने मोजलेलं कशाशीच जुळत नाही. पाककृतीत न पिळलेला कीस असेल तर पिशवीतलं पाण्यासकट सगळं घाला. पिळलेला हवा असेल तर ते चाळणीत ओता, नीट निथळू द्या आणि पुन्हा वजन करा.