एम.एस्सी. नर्सिंग करायचंय? आधी फाइल उघडा

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीला वॉर्ड सोपवताना, एखादी ज्युनिअर विचारतेच, "सिस्टर, मी एम.एस्सी. करू का?" मी उलट विचारते, "एमएनसीचं, म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू केलंयस का?" निम्म्या पोरी तिथेच गप्प होतात.

आयएनसीची (इंडियन नर्सिंग कौन्सिल) अट साधी आहे: बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी., किमान ५५ टक्के, रजिस्ट्रेशन आणि एक वर्षाचा अनुभव. अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. माझ्या पहिल्या हॉस्पिटलने 'समाधानकारक काम केले' एवढंच लिहून दिलं होतं, तारखा गायब. तीन चकरा मारल्या. दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, सही-शिक्का हवाच. नोकरीत असाल तर एनओसी (ना हरकत पत्र) लेखी मागा. तोंडी 'हो' म्हणणारे साहेब ऐन वेळी रजेवर असतात.

स्पेशालिटी पाच: मेडिकल-सर्जिकल, ओबीजी (प्रसूती आणि स्त्रीरोग), चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ, कम्युनिटी. मैत्रीण घेतेय म्हणून घेऊ नका. मी सहा वर्षं लेबर रूमला होते, म्हणून ओबीजी.

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स प्रॅक्टिस, रिसर्च-स्टॅटिस्टिक्स आणि स्पेशालिटीचा पहिला पेपर. दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट आणि स्पेशालिटीचा दुसरा. पेपर निघतात हो. डोकं खातं ते डिझर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रबंध.

माझा पहिला विषय होता 'गरोदर मातांचे आरोग्यविषयक ज्ञान'. गाइड मॅडमनी लाल पेनने विचारलं: कुठल्या माता? कितवा महिना? कसलं ज्ञान? शेवटी मी पार्टोग्राफवर आले, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय ते नोंदवायच्या तक्त्यावर. जुने केसपेपर काढून बसले. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने लिहायचे असतात. एका कागदावर १४०, १४०, १४०, सगळे एकाच शाईत, एका दमात उतरवलेले. म्हटलं, हाच आपला विषय. आपल्या वॉर्डात रोज डोळ्यांसमोर असलेली, मोजता येणारी गोष्ट पकडा.

मग सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), टूल (माहिती गोळा करायची प्रश्नावली किंवा चेकलिस्ट), ते बरोबर मोजतंय का याची तज्ज्ञांकडून तपासणी म्हणजे व्हॅलिडिटी, एथिक्स कमिटीची मंजुरी, पायलट (आधीचा छोटा चाचणी अभ्यास), डेटा. कमिटीच्या पत्राआधी एकही फॉर्म भरून घेऊ नका, ती मेहनत फुकट जाते. पायलटमधली माणसं मुख्य अभ्यासात मोजायची नाहीत. आणि स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा करण्याआधी जा. मी नंतर गेले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सॅम्पल एवढंच का? एवढीच माणसं का घेतली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पेशंटवर अभ्यास असेल तर संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा. माझ्या बॅचमेटच्या मावशी 'यादृच्छिक निवड' या शब्दावर अडल्या. तिने 'चिठ्ठी टाकून' असं लिहिलं. कमिटीने तेच मंजूर केलं.