दुसऱ्याच्या हाती पोनी देताना या चुका टाळा

पोनी, म्हणजे लहान चणीचा घोडा, पाळणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते. मुलं मोठी होतात, त्यांचे पाय पोनीच्या पोटाखाली लोंबायला लागतात. मालकाचं स्वतःचं वजन तिला झेपणारं नसतं, किंवा रिंगणात तिच्यासोबत धावायला गुडघे साथ देत नाहीत. तबेल्यात मात्र शोला, म्हणजे पोनींच्या स्पर्धांना, न्यावी अशी गुणी पोनी उभी असते. मग शोध सुरू होतो. आपल्या वतीनं तिला कोण दाखवेल, कोण तिच्यावर बसेल?

मी बरीच वर्षं माझ्या पोनी दुसऱ्यांच्या हातून दाखवतो आहे. या लेखातल्या बहुतेक चुका मी केल्या आहेत आणि त्यांचा त्रास माझ्या पोनींनी सोसला आहे. तुमच्या पोनींवर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

रिबनं मोजून माणूस निवडणं

स्वाराला आपण पहिला प्रश्न विचारतो तो “किती जिंकलात?” हाच. बक्षिसाच्या रिबनांवरून एवढंच कळतं, की चांगल्या पोनीवर हा माणूस चांगला दिसतो. बिचकलेल्या पोनीशी तो कसा वागतो, हे त्यातून कळत नाही. ते बघायचं असेल तर शोला जा आणि रिंगणाच्या कठड्याशी न थांबता वॉर्म-अपच्या जागेपाशी उभे राहा. पोनी अडली की याचा हात आधी कुठे जातो, चाबकाकडे की मानेकडे? क्लास, म्हणजे शोमधली एकेक स्पर्धा, संपवून बाहेर आल्यावर तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करतो, की आधी फोटो काढून घेतो? त्याच्या पोनींच्या ओठांचे कोपरे सोललेले आहेत का? तंगाखाली चट्टे दिसतात का?

माझी सध्याची स्वार मला अशीच सापडली. मी खरं तर दुसऱ्याच एकाला बघायला गेलो होतो. वॉर्म-अपच्या कडेला एक कापडी फलक वाऱ्यानं फडफडला आणि एक करडी पोनी जागच्या जागी थिजली. मान ताठ, नाकपुड्या फुललेल्या. वर बसलेल्या मुलीनं टाच मारली नाही, लगामही खेचला नाही. नुसती थांबली. पोनीला फलकाकडे बघू दिलं, दोन बोटांनी तिच्या खांद्यापाशी खाजवत राहिली. मिनिटभरानं पोनीनं लांब फुरफुर केली, मान खाली सोडली आणि स्वतःहून पुढे निघाली. त्या दिवशी त्या मुलीला चौथा नंबर मिळाला. मी तिच्या आईवडिलांना तिथेच गाठलं.

आणखी एक करा. ज्या मालकाची पोनी पूर्वी या स्वाराकडे होती आणि आता नाही, त्याला फोन लावा. ती का परत आणली, हे विचारायला संकोच करू नका.

नियम न बघता शब्द देऊन बसणं

पोनीच्या स्पर्धांमध्ये स्वाराला वयाची अट असते आणि तिथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, पोनी गटांत पोनीची उंची नालांशिवाय 148 सेंटिमीटर आणि नालांसह 149 सेंटिमीटरपर्यंतच चालते. जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) आणि ड्रेसाजमध्ये (ठरलेल्या हालचाली करून दाखवणं) स्वार 12 ते 16 वर्षांचा असावा लागतो. लहान शोंचे नियम आयोजकांप्रमाणे बदलतात, पण वयाची किंवा उंचीची अट बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणजे कितीही कसलेला प्रौढ स्वार मिळाला तरी त्या क्लासात तो उपयोगाचा नाही. शिवाय हौशी गटात नाव घातलेल्या स्वाराला तुम्ही मानधन दिलंत, तर अनेक संघटनांच्या नियमांप्रमाणे तो व्यावसायिक ठरतो. पैसे द्यायच्या आधी हे तपासा.

मूल वाढतं, हेही धरून चला. हंगामाच्या सुरुवातीला शोभून दिसणारा स्वार शेवटाला पोनीसाठी मोठा होऊ शकतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 8 घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के ओझं देऊन पाहिलं होतं. 25 टक्क्यांपासून पुढे त्यांच्यावरचा ताण आणि स्नायूंचं दुखणं वाढलेलं दिसलं. म्हणून 20 टक्क्यांची मर्यादा मी पाळतो, तीही खोगिरासकट. पोनी 230 किलोची असेल तर एकूण 46 किलो. खोगीर, गादी, रिकिबी मिळून सहा किलो धरले तर स्वारासाठी 40 उरतात. पोनी लठ्ठ असेल तर तिच्या चरबीवर हा हिशोब लावू नका. चरबी ओझं उचलत नाही.

“भरलेली” दिसावी म्हणून खुराक वाढू देणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीनं बोलायचं आहे. पोनी स्वाराच्या किंवा ट्रेनरच्या तबेल्यात राहायला गेली, की तिची चंदी त्यांच्या हाती जाते. शोच्या रिंगणात गोलसर, चकचकीत पोनी नजरेत भरते, त्यामुळे चंदीचं माप हळूहळू वाढत जातं. पोनीच्या जातींचं शरीर मुळात कमी चाऱ्यावर तग धरणारं. स्टार्च आणि साखर जास्त झाली की रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवणारे नाजूक पडदे कमजोर होतात. हाच लॅमिनायटिस. हाड खाली सरकलं तर पोनी आयुष्यभरासाठी अधू होऊ शकते.

माझी एक तपकिरी पोनी दोन महिन्यांनी घरी आली तेव्हा अंगावर आरशासारखी चमक होती. बघायला आलेले सगळे खूश. मी तिला ट्रकमधून उतरवून फरशीवर वळवलं, तर ती वळताना पुढचे पाय उचलून ठेवल्यासारखे टाकत होती. मानेवरची आयाळीखालची कड हाताला टणक लागली. पुढचे दोन्ही खूर गरम होते आणि टाचेच्या वरची नाडी बोटाखाली ठणठण उडत होती. डॉक्टर तासाभरात आले म्हणून निभावलं. पण पुढचे कित्येक महिने ती मऊ भुशावर उभी होती आणि तिचा तो हंगाम तिथेच संपला. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. चंदीचं माप मी लिहून दिलं नव्हतं, आणि दोन महिन्यांत एकदाही जाऊन तिच्या बरगड्यांवर हात फिरवला नव्हता.

आता दर दोन आठवड्यांनी मी स्वतः जातो. तळहात सपाट ठेवून फिरवला तर बरगड्या हाताला लागायला हव्यात, डोळ्यांना दिसता कामा नयेत. 1983 साली हेनेके यांनी मांडलेली, अंगावरच्या चरबीला 1 (हाडकुळी) ते 9 (अतिलठ्ठ) गुण देणारी पद्धत यासाठी चांगली आहे. 5 च्या आसपास ठीक. 7 दिसले की चंदी तिथल्या तिथे कमी करायला सांगतो, शो दुसऱ्या दिवशी असला तरी.

सगळं तोंडी ठेवणं

ओळखीतला माणूस आहे, कागद कशाला, असं वाटतं आणि इथंच घोडं पेंड खातं. प्रवेश शुल्क, वाहतूक, नाल, डॉक्टर यांचा खर्च कुणाचा? बक्षिसाची रक्कम कुणाला? स्वाराच्या इतर शिष्यांनी तिच्यावर बसलेलं चालेल का? त्याच क्लासात स्वाराची स्वतःची पोनी असेल तर तुमचीवर कोण बसणार? हे एका पानात मावतं. पण एक कलम मात्र नक्की घाला. पोनीच्या पोटात कळ आली आणि तुमचा फोन लागला नाही, तर उपचाराचा निर्णय कोण घेणार आणि कुठवर. त्या वेळी तासांना महत्त्व असतं.

औषधांची नोंद ही मालकाची जबाबदारी आहे. शोच्या तीन-चार दिवस आधी पाय दुखतो म्हणून तुम्ही फिनाईलब्युटाझोन हे वेदनाशामक दिलंत आणि सांगायला विसरलात, तर शोमधल्या औषध-चाचणीत ते सापडू शकतं. एफईआयच्या नियमांत अशा वेळी जबाबदार व्यक्ती सहसा स्वारच धरला जातो. चूक तुमची आणि डाग त्याच्या नावावर.

घरी शहाणी, रिंगणात बिघडते

अशी तक्रार आली की स्वार बदलण्याआधी दुखणं शोधा. कान मागे, शेपटीचे फटकारे, फाटकापाशी अडणं या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा वेदनेत असतं. स्वारानं स्वतःचं खोगीर आणलं आहे का? ते तिच्या पाठीला बसतं का? नोजबँड (नाकावरचा पट्टा) आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं सरकली पाहिजेत. दात शेवटचे कधी बघितले? यात काही सापडलं नाही, तर क्लासच्या आधी तिला किती वेळ लंज केली, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवली, हे विचारा. शांत व्हावी म्हणून तासभर गोल गोल पळवलेली पोनी आत जाते तेव्हा दमलेली आणि वैतागलेली असते.

कधी कारण अगदी साधं असतं. माझी एक पोनी थांबायला “हो” हा शब्द ऐकायची. नवा स्वार गप्प राहून फक्त लगाम धरायचा आणि ती मान उडवायची. शब्द सांगितल्यावर पुढच्याच शोला सगळं ठीक झालं. पोनी सोपवताना तिला कळणारे शब्द लिहून द्या. तिला काय आवडत नाही, कुठे हात लावलेला खपत नाही, तेही लिहा.

परत आल्यावर थेट कळपात सोडणं

शोहून किंवा दुसऱ्या तबेल्यातून आलेली पोनी स्ट्रँगल्ससारखा (जबड्याखालच्या गाठी सुजवणारा घोड्यांचा रोग) संसर्ग सोबत आणू शकते. वरून धडधाकट दिसते आणि चार दिवसांनी जबड्याखाली गाठ येते. म्हणून मी दोन ते तीन आठवडे तिला वेगळी ठेवतो. तिची बादली वेगळी, खरारा वेगळा आणि तिचं काम सगळ्यात शेवटी. सकाळ-संध्याकाळ तापमान घेतो. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक, त्यावर गेलं की डॉक्टरांना फोन. या रोगात ताप आधी येतो आणि नाकातून जंतू बाहेर पडायला साधारण एक-दोन दिवसांनी सुरुवात होते, त्यामुळे ताप वेळेवर पकडला तर बाकीच्या वाचतात. आकडे लिहायची वही त्या कप्प्याच्या दारालाच टांगलेली असते. पोनी पुन्हा स्वाराकडे निघाली की चंदीचं माप, औषधं आणि तिचे शब्द लिहिलेली तीच वही तिच्यासोबत जाते.